दोर आणि साखळी: रमाबाई, लक्ष्मीबाई आणि दुःखातली आशा

२०२२ सालच्या पावसाळ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाविषयी आपण सारेच प्राध्यापक जे बोलतो तेच मीही बोलत होते. दुःखाचे डोंगर कोसळूनही ही बाई हसते, स्वतःला हसते, नवऱ्याला हसते आणि वाचकालाही हसवते. या निर्मळ विनोदबुद्धीमुळेच हे आत्मचरित्र मराठीत अजोड ठरले आहे, वगैरे. वर्ग नेहमीप्रमाणे वहीत उतरवून घेत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, तिची आई गेली होती. हे मला नंतर कळले. ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे तिला एवढं सोसावं लागलं म्हणून पुस्तक चांगलं झालं, असंच ना? मग तिच्या दुःखाचं आपल्याला बरंच वाटलं म्हणायचं.”

मी काहीतरी उत्तर दिले. त्यात ‘उदात्तीकरण’ हा शब्द होता एवढे आठवते. तास संपला आणि माझी सुटका झाली. पण प्रश्नाने माझी सुटका केली नाही. त्या मुलीला घरीदारी भेटणारा प्रत्येक माणूस ‘देवाची इच्छा’, ‘यातूनही काही चांगलेच होईल’ असे सांगत असणार. मी तेच वाङ्मयीन भाषेत सांगितले होते. नातेवाइकांनी दुःखाचा हिशेब परलोकात चुकता केला होता, आणि मी तो साहित्यात.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे. प्रारंभीच स्पष्ट करते की मी ख्रिस्ती नाही. परंतु मराठीत दुःख आणि आनंद यांच्या नात्याविषयी ज्या गद्याने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले आहे, ते दोन ख्रिस्ती स्त्रियांच्या आयुष्यांशी बांधलेले आहे: पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांची श्रद्धा हा केवळ चरित्रातला तपशील आहे, असे समजून आपण त्यांना वाचत आलो. माझ्या मते त्यामुळेच त्यांच्या लेखनातला आनंद आपल्याला नीट कळलेला नाही.

प्रथम एक सवयीचे वाचन बाजूला सारावे लागेल. धर्मांतराच्या कथेला एक ठरलेला घाट असतो. आधी अंधार, मग भेट, मग प्रकाश. ख्रिस्ती परंपरेत याला ‘साक्ष’ म्हणतात, आणि प्रार्थनासभांतून साक्षी देण्याची रीत आजही आहे. चर्चला हा घाट प्रिय आहे, कारण त्यात विश्वासाचे फळ दिसते. गंमत अशी की आपल्या समीक्षेलाही तोच घाट प्रिय आहे. ती फक्त ‘विश्वास’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्तिमत्त्वविकास’ किंवा ‘आत्मभान’ हा शब्द घालते. दोन्हीकडे दुःख ही पायरी ठरते. पायरी ओलांडली की तिच्याकडे वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

वास्तविक ख्रिस्ती धर्मग्रंथ स्वतः इतका सोपा नाही. ईयोबाचे पुस्तक घ्या. नीतिमान ईयोबाची गुरेढोरे, मुलेबाळे, प्रकृती सारे जाते. मित्र सांत्वनाला येतात आणि त्याला दुःखाची कारणे समजावून सांगतात. पाप केले असशील, देव सुधारण्यासाठी शिक्षा करतो, त्याचा न्याय चुकत नाही. ही सारी विधाने धार्मिकदृष्ट्या बिनचूक वाटतात. ईयोब मात्र ती मानीत नाही. तो देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा कारण सांगतच नाही, सृष्टीविषयी प्रश्न विचारीत राहतो. पण एक निवाडा तो स्पष्ट देतो. मित्र आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे देवाची वकिली करणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी हे स्तोत्र गाळले नाही, त्याला आशेचे शेपूटही जोडले नाही. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ तर देवाने टाकल्याच्या आक्रोशाने होतो, आणि वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी तोच आक्रोश आहे.

याहून महत्त्वाचा तपशील योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत, कुशीत भाल्याची जखम आहे. थोमा त्या जखमांवरूनच त्याला ओळखतो. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देहावरही जखमा राहू द्याव्यात, हा निर्णय कथा सांगणाऱ्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्या पुसून टाकणे किती सोपे होते! पण मग थोमाने ओळखले कोणाला असते? ख्रिस्ती आनंदाची कल्पना मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. जखम पुसली गेल्यावर येणारा हा आनंद नाही. जखमेसकट ओळख पटल्याचा आहे.

आता ‘आशा’ या शब्दाकडे येऊ. मराठी वाचकाला हा शब्द निरागस वाटतो, पण आपल्या परंपरेत त्याची पत फारशी चांगली नाही. संस्कृत सुभाषितकारांनी आशेला साखळी म्हटले आहे, आणि तीही अशी विचित्र की तिने बांधलेले धावत सुटतात व तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे एका जागी बसतात. संतवाङ्मयातही आशा बहुधा तृष्णेची सख्खी बहीण म्हणून येते. ती सुटावी हीच अपेक्षा. उलट हिब्रू भाषेत आशेसाठी जो ‘तिक्वा’ शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ ‘दोर’ असा आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातली राहाब आपल्या खिडकीला किरमिजी दोर बांधते. नगर पडेल तेव्हा हे घर वाचवायचे, याची ती खूण. त्या दोरासाठी हाच शब्द आला आहे. साखळीही बांधते आणि दोरही बांधतो. पण साखळीने बांधलेल्याला सुटायचे असते. पुरात सापडलेला माणूस मात्र दोर सोडायला सांगणाऱ्याला शत्रू समजेल. मराठीतल्या ख्रिस्ती लेखकांनी ‘आशा’ हा शब्द वापरला तेव्हा त्यांनी नकळत एका परंपरेतली साखळी उचलून तिचा दोर केला. हे काम कोशात झाले नाही; ते आयुष्यांत झाले.

त्यातले एक आयुष्य रमाबाईंचे. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला संस्कृत शिकवले वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, आणि आई लक्ष्मीबाईंनी. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. सत्तरच्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात होते नव्हते ते संपले. पोट भरण्यासाठी अंगमेहनतीचे काम करणे शास्त्र्याच्या कुटुंबाला ठाऊक नव्हते, आणि भीक मागणे लाजिरवाणे वाटत होते. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. ब्राह्मण्याचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करतो, असे म्हणून भाऊ श्रीनिवासाने त्यांना थांबवले. तरीही १८७४ साली आधी वडील गेले, पाठोपाठ आई, आणि पुढे थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसे पुरेनात. सोळा वर्षांच्या रमाबाईंची उंची खांदा द्यायला अपुरी होती, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली पटकीने तेही गेले. मागे उरल्या तेवीस वर्षांच्या रमाबाई आणि तान्ही मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या ठरलेल्या घाटाप्रमाणे इथे अंधार संपायला हवा होता. पण बाप्तिस्म्यापूर्वी काही दिवसच त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने आत्महत्या केली होती. बाप्तिस्म्यानंतर ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला त्याच्याशीच धर्मतत्त्वांवरून त्यांचे वाद झाले. माझी सदसद्विवेकबुद्धी मी एका पुरोहितशाहीतून सोडवली ती दुसरीकडे गहाण टाकण्यासाठी नाही, हा त्यांचा पवित्रा त्या काळच्या पत्रांतून दिसतो. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षांचे हे मधले अंतर मला फार मोलाचे वाटते. दुःखातून आनंदाकडे जाणारा रस्ता सरळ असल्याचा आव रमाबाईंनी आणला नाही.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची हकीकत कानी पडताच आपल्याला १८७४ आठवले, असे त्या स्वतः सांगतात. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते; दुष्काळातून आलेल्यांना शारदा सदनात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत त्यांची सोय केली. हेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या वर गेली. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले, छापखाना चालला, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या आईबापांचा दुष्काळात मृत्यू का झाला, याचे समाधानकारक कारण रमाबाईंना कधीच सापडले नाही. त्या घटनेचा त्यांनी अर्थ लावला असे म्हणण्यापेक्षा उपयोग केला असे म्हणणे अधिक अचूक होईल. हा उपयोगही मृतांना परत आणणारा नव्हता. मात्र उपाशी मुलगी कशी चालते, कशाची लाज बाळगते, कोणत्या हाकेला फसते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि ते अन्य कुठे शिकायला मिळणारे नव्हते. जखम राहिली, तिच्यामुळे त्यांना ओळखता आले. थोमाच्या गोष्टीतल्या ओळखीची ही उलटी बाजू.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुःखातून आनंद मिळतो ही शिकवण ज्यांच्या वाट्याला दुःख इतरांनी आणून ठेवले आहे त्यांना गप्प बसवण्याचे उत्तम साधन आहे. मार खाणाऱ्या सुनेला, उपाशी मजुराला, गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘सोस, यातच तुझे कल्याण आहे’ असे सांगणारे प्रवचन कोणत्याही धर्मात मिळते. ख्रिस्ती धर्माने तर वधस्तंभाचे चिन्हच हाती दिले. त्याचा असा वापर करणाऱ्यांची वाण पडली नाही. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या वागण्यात आहे. जे दुःख माणसांनी निर्माण केले आहे ते सोसायचे नाही, हटवायचे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय विधवेच्या हालांना कोणताही आध्यात्मिक मुलामा दिलेला नाही. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविषयी त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले, आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. सहनशीलतेचा धडा देणाऱ्या बाईची ही कृती नव्हे. आशा दुसऱ्याला उपदेशता येत नाही. दुसऱ्याला फक्त भाकरी, अंथरूण आणि अक्षरे देता येतात. आशा धरायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. मी ज्या दोघींविषयी लिहीत आहे त्या दोघीही ब्राह्मण घरांत जन्मल्या. नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज मात्र बहुसंख्येने महार-मांग वाड्यांतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दुष्काळांचा त्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. जणू उपाशी माणसाला मिळालेला देव हा कमी प्रतीचा देव असतो! त्या स्त्रियांच्या दुःखाचे आणि आनंदाचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्या अभ्यासक्रमात नाही. त्यांनी जे गायिले, त्यातले बरेचसे टिळकांच्या शब्दांत गायिले. त्यांचे स्वतःचे शब्द फारसे कोणी टिपून ठेवले नाहीत. या लेखातले निष्कर्ष म्हणून अपुरे आहेत, हे मी जाणते.

आता लक्ष्मीबाई. १८६८ साली जलालपूरला गोखल्यांच्या घरी जन्मलेली ही मनकर्णिका अकरा-बारा वर्षांची असताना टिळकांच्या घरात आली. नारायण वामन टिळक कवी, लहरी, उदार आणि संसाराला सर्वस्वी निरुपयोगी. हातात आलेला पैसा टिकू न देण्याची कला त्यांना साधलेली होती. आपली काही लेकरे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच गमावली. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला यात कोणी विचारले नव्हते. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे म्हणजे सवाष्ण असून नवऱ्याविना, आणि नवरा जिवंत असून लोकांच्या दृष्टीने त्याहून वाईट. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. आपल्या समीक्षेने या पुस्तकातला विनोद ‘स्वभावातला’ म्हणून सोडून दिला. तो स्वभावातला आहेच. जन्माने मिळालेली मिस्कील नजर कोणताही धर्म देत नाही. पण मला वाटते, पुस्तकाच्या रचनेकडे पाहिले तर आणखी काही दिसते. साक्षीच्या घाटात बाप्तिस्मा हा कळस असतो. इथे तो मध्येच येतो आणि जातो. त्याच्या आधी चणचण होती, नंतरही आहे. आधी नवऱ्याशी भांडणे होती, नंतरही आहेत. आधी मरणे होती, नंतरही आहेत, आणि वर प्लेग आहे. लेखिकेने आपल्या आयुष्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन कप्प्यांत टाकले नाही. चित्रामागून चित्र ठेवले. ख्रिस्ती झाल्यावर सुख मिळाले असे सांगण्याचा मोह त्यांना सहज होऊ शकला असता, आणि ज्या समाजात त्या वावरत होत्या त्याला ते आवडलेही असते.

दुसरे असे की या विनोदाला दिशा आहे. माझ्या वाचनात तो मृत्यूला हसत नाही, उपाशी माणसाला हसत नाही. तो अहंकाराला हसतो: सोवळ्याच्या, कवित्वाच्या, विद्वत्तेच्या आणि सर्वांत अधिक स्वतःच्या. वेगळे राहण्याच्या त्या वर्षांत लक्ष्मीबाई सोवळेओवळे कसोशीने पाळत होत्या. कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे नाही, हा त्यांचा शेवटचा गड होता. वडिलांचे अतिरेकी सोवळे लहानपणी भोगलेल्या मुलीने प्रौढपणी त्याच सोवळ्याचा आधार घ्यावा, यातली करुणा उघड आहे. मग एके दिवशी त्यांना प्रश्न पडला की या जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि उत्तर मिळताच त्यांनी सर्वांच्या हातचे खायचे ठरवले. हे ख्रिस्तावर विश्वास बसण्याच्या आधी घडले, आणि लक्ष्मीबाईंनी तो क्रम बदलला नाही. तो गड सोडलेली बाईच पुढे स्वतःच्या त्या पहाऱ्याची गंमत सांगू शकली. स्वतःचा बचाव करण्याची गरज संपली, की स्वतःच्या सर्वांत वाईट वर्षांकडे मोकळेपणाने पाहता येते. ‘क्षमा’ हा शब्द चर्चमध्ये फार वापरून गुळगुळीत झाला आहे. पण गद्यात क्षमा कशी दिसते असे कोणी विचारले, तर मी ‘स्मृतिचित्रे’तल्या टिळकांकडे बोट दाखवीन. तिथे नवऱ्याचा एकही अपराध झाकलेला नाही, आणि वाचकाला त्याचा द्वेष करता येत नाही.

याला ‘ख्रिस्ती’ म्हणण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. दुःखाच्या तळाशी आनंद सापडल्याचे तुकोबांनीही सांगितलेच आहे. दुष्काळात त्यांनीही बायको आणि मुलगा गमावला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक स्वतः म्हणत. तेव्हा आनंदाची मक्तेदारी कोणाकडे देण्याचा हा प्रश्न नाही. फरक मला इतकाच जाणवतो की तुकोबांचा विठ्ठल भक्ताच्या दुःखात धावून येतो, आणि या दोघींचा देव स्वतःच जखमी आहे. धावून येणाऱ्याला ‘उशीर का केला?’ असे विचारता येते, आणि तुकोबांनी ते हक्काने विचारले. जखमी देवाला काय विचारणार? त्याच्याजवळ बसावे लागते. रमाबाईंच्या कामातली आणि लक्ष्मीबाईंच्या गद्यातली शांतता मला या बसण्यातून आल्यासारखी वाटते. हे सिद्ध करता येणार नाही. वाचताना जाणवते एवढेच म्हणेन.

दोघींच्या आयुष्यांचा शेवट एका बाबतीत सारखा आहे, आणि तो मला नेहमी विचारात पाडतो. रमाबाईंनी उतारवयात बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडितांना नव्हे, साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा त्यांचा आग्रह होता. पुराणांवर वाढलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जी मुलगी आपल्यामागे सारे सांभाळणार होती, तीच आधी गेली. त्यानंतर साधारण साडेआठ महिने रमाबाई जगल्या, आणि त्या काळात भाषांतराचे काम पुरे करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर नंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. ज्या ख्रिस्तापायी आपला संसार मोडला म्हणून १८९५ साली लक्ष्मीबाईंनी आकांत केला, त्याच ख्रिस्ताची अपुरी कथा त्यांनी वैधव्यात पुढे लिहायला घेतली आणि चौसष्ट अध्याय रचून ती पूर्ण केली. शाळेत न गेलेल्या, मोडक्यातोडक्या अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या बाईने! १९३६ साली त्या गेल्यावर ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून त्याची थोरवी ‘स्मृतिचित्रे’इतकी नाही, हे मान्य. मला इथे त्याचे मूल्यमापन करायचे नाही. जिवलगाच्या मृत्यूनंतर रोज सकाळी उठून पुढची ओळ लिहायला बसणे, ही आनंदाची व्याख्या असू शकते का, असे मी स्वतःला विचारते. त्या आनंदाला हसरा चेहरा असेलच असे नाही. कदाचित ‘आनंद’ हा शब्दही त्यांनी वापरला नसता. पण हातात दोर असल्याखेरीज हे होत नाही.

त्या विद्यार्थिनीकडे परत येते. ती पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली. आज ती भेटली तर मी तिला सांगेन की तुझे बरोबर होते. दुःखाने पुस्तक चांगले होत नाही. दुःखाने बहुतेक पुस्तके लिहिलीच जात नाहीत. लक्ष्मीबाईंनी सोसलेल्याची भरपाई ‘स्मृतिचित्रे’ने झाली नाही, आणि त्यांनीही तसा दावा केला नाही. आपण त्यांना हसताना पाहतो तेव्हा त्यांच्या दुःखाचे आपल्याला बरे वाटत नसते. त्या दुःखासकट त्या आपल्याशी बोलताहेत, याचे वाटते. आणि तुझ्या आईच्या जाण्यातून काही चांगले निघेल असे जे तुला सांगतात त्यांचे ऐकायला तू बांधील नाहीस. ईयोबही बांधील नव्हता.

आता मी ते पुस्तक वेगळ्या रीतीने शिकवते. १८९५ ते १९०० या वर्षांची प्रकरणे आधी वर्गात मोठ्याने वाचून घेते, पाळीपाळीने, एकेक पान. त्यानंतर काही वेळ कोणी बोलत नाही. तोवर ‘विनोद’ हा शब्द मी उच्चारीत नाही.